रक्ताचे छत्तीस गुण

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

नोकरीत असताना रोज दैनंदिनी लिहावी लागायची. ती साहेबाला दाखवायची असे, म्हणून तिच्यात निम्मं खोटं असायचं. ही वही कोणाला दाखवायची नाही, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

आज आमच्या घरच्या छपरीत 'वैज्ञानिक सोयरीक केंद्रा'चं उद्घाटन झालं. उद्घाटक मीच. दुसरा लायक माणूस सावली तालुक्यात सापडला नाही. गर्दी बेताची होती, कारण क्रिकेटची फायनल नेमकी आजच ठेवली होती. नऊ जण आले, त्यातले चार आमचा टीव्ही मोठा आहे म्हणून आले. भारत हरला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच रागानं पाहिलं.

केंद्र कशाला, ते लिहून ठेवतो. पुढे कोणी माझा इतिहास लिहिला तर कामी येईल. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातलं पंचांग बोडीच्या पाण्यात बुडवलं. पत्रिका गेली, पण तिच्या जागी काही आलंच नाही. लोक सोयरीक करताना पाहतात काय, तर पोराची नोकरी, पोरीचा रंग आणि धानाचे एकर. तोंडानं मात्र समता. मी चौतीस वर्षं हिवतापाचा आरोग्य कर्मचारी होतो. सायकलीवर फिरून अर्ध्या तालुक्याची बोटं टोचली, रक्ताच्या काचपट्ट्या घेतल्या. लोक अजून मला सुईवाले भाऊ म्हणतात. माणसाचं खरं काय ते रक्तात असतं, हे मला कोणी शिकवायला नको.

आणि आपल्या भागाच्या रक्तात सिकलसेल. हा आजार असला की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे असे दुखतात की माणूस जमिनीवर लोळतो. तपासणीत तीन निकाल येतात. एए म्हणजे साफ. एसएस म्हणजे आजार. एएस म्हणजे आईकडून किंवा बापाकडून अर्धा दोष आलेला, पण माणूस ठणठणीत. तो फक्त वाहक. दोन एएस एकत्र आले तर त्यांच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका एसएसचा. म्हणून एएसनं एएसशी लग्न करू नये, असं सरकार सांगतं. तेवढंच सांगतं. मी त्याच्या पुढे गेलो आहे.

२२ नोव्हेंबर

गुणपत्रक तयार झालं. एकूण गुण छत्तीस. करिष्मा म्हणाली, बाबा, छत्तीसच काऊन, शंभर का नाई? ही माझी मुलगी तालुक्याला लॅब टेक्निशियन आहे, पण माणसं तिला कळत नाहीत. लोकांना छत्तीसची सवय आहे. भांडं तेच ठेवायचं, आतलं बदलायचं. सिकलसेलला बारा, रक्तगटाला आठ, हिमोग्लोबिनला सहा, वजन-उंचीला चार, चष्मा तीन, दात तीन. अठराच्या खाली नापास.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच निघाला तर आठातले शून्य. करिष्माचं म्हणणं, त्यानं काही होत नाही. बाई निगेटिव्ह आणि माणूस पॉझिटिव्ह असला तर बाळंतपणात एक इंजेक्शन लागतं, तेवढंच. पुस्तकात लिहिलंय म्हणे. पुस्तक तिनं वाचलं असेल, पण टोचलं मी आहे.

एएस दिसला की बाराचे शून्य, आणि मग बाकीचे गुण मोजायचेच नाहीत. थेट लाल फाईल. यावरही ती बोललीच. समोरचा एए असला तर एएसला काही अडचण नाही, एकाही लेकराला आजार होत नाही. मी म्हणालो, विषाची परीक्षा कोण पाहते? ती म्हणाली, विष आहे कुठी त्यात? मी चर्चा तिथेच आवरती घेतली. फॉर्मात जातीचा रकाना ठेवलेला नाही, केंद्र पुरोगामी आहे. आडनाव मात्र पूर्ण लिहायचं.

लॅमिनेशनचं यंत्र नागपूरहून आणलं. पहिलं कार्ड माझं: आयु. इसरू उंदिरवाडे, एए. तपासणीची गरज वाटली नाही. चौतीस वर्षं तापाच्या गावांत झोपलो, मच्छरदाणी अर्ध्या वेळा फाटकी, तरी एकदाही थंडी वाजली नाही. इतकी शिस्त रक्तात असल्यावर काय तपासायचं? शिवाय मला सुई सहन होत नाही. दुसऱ्याला टोचणं वेगळं. दुसरं कार्ड इंदूचं, माझ्या बायकोचं. तिनं मागच्या वर्षी शिबिरात रक्त दिलं होतं, रिपोर्ट एए. करिष्माचा रिपोर्ट मागितला तर म्हणते, देतो ना, पहिले तुमचा दाखवा. पोरगी चेष्टेखोर आहे. माझी मुलगी, म्हणजे एए. लिहून टाकलं.

३ डिसेंबर, रविवार

केंद्राचा पहिला विजय.

लटारूच्या रंजीताची सोयरीक पलीकडच्या गावच्या आदेशशी ठरली होती, सुपारीही फुटली होती. लटारू माझा शाळेतला सोबती, घर आमच्याच गल्लीत. आदेशचा मामा दोघांचे रिपोर्ट घेऊन आला. आदेश एए. रंजीता एएस. बाकी गुण बघितले तर चोवीसपैकी बावीस पडत होते, असा जोडा हजारात एक. पण नियम म्हणजे नियम. लाल फाईल. मामानं तिथूनच फोन लावला आणि सोयरीक मोडली.

दुपारी रंजीता आली. विचारते, भाऊ, मी बिमार आहे काय? मी म्हणालो, छे, तू ठणठणीत आहेस. मग काऊन मोडलं, म्हणाली. मी तिला माझं माहितीपत्रक दिलं. तिनं उभ्याउभ्याच पूर्ण वाचलं, ओट्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर गोटा ठेवला आणि गेली. संध्याकाळी लटारूनं माझा जय भीम घेतला नाही. विज्ञानाची कास धरणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं.

२४ डिसेंबर, रविवार

विहारात व्याख्यान दिलं: 'दैनंदिन जीवनातील विज्ञानाची भूमिका व प्रगती'. एक तास चाळीस मिनिटं. पहिल्या तासात अग्नीच्या शोधापासून मोबाइलपर्यंत आलो, तेव्हा लोक डुलक्या घेत होते. मग सिकलसेलवर आलो आणि म्हणालो, "एएस घरात आला की घर बसलं." टाळ्या पडल्या. असं काही बोललं की लोक जागे होतात. करिष्मा मधूनच उठून गेली, तिला ड्यूटी असेल.

पत्रकं लॅमिनेट करून वाटली. पहिला नियम मोठ्या अक्षरात: एएस असलेले स्थळ कोणीही करू नये. रुखमाबाईंनी दोन घेतली. बाई विधवा, एकटीनं धान करून पोराला शिकवलं. पोरगा प्रणित सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला आहे. अशा मातांमुळेच विज्ञान टिकून आहे.

१४ जानेवारी २०२४

फॉर्म चाळीस झाले. लाल फायलीत नऊ.

आज गिरजाबाई आल्या, त्यांची नात फायलीत आहे. म्हणाल्या, मंगळवाल्या पोरीचं पहिले झाडासंग लावून देतात, तसा या एएसवर काही उतारा आहे काय? माझा संताप संताप झाला. अर्धा तास बाईला अंधश्रद्धेवर सुनावलं. छप्पन साली आपण काय सोडलं आणि तुम्ही काय धरून बसल्या, असं म्हणालो. बाई रडकुंडीला आली. मग माणुसकी म्हणून सांगितलं, चाळीस दिवस रोज उपाशीपोटी बीट आणि गूळ द्या, मग परत तपासू. यात अंधश्रद्धा काही नाही. बीटात लोह असतं.

करिष्मानं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. रक्तातला हा दोष जन्माचा असतो, बीटानं गेला असता तर दवाखाने कायले लागले असते, म्हणे. आजकाल ती लाल फायलीतल्या पोरींशी फार बोलते. त्यांच्या घरी जाऊन सांगते की एए पाहून खुशाल लग्न करा. घरातच फितुरी.

२८ जानेवारी, रविवार

मूल तालुक्याकडचे लोक आले होते. मुलगा अश्विन, ट्रॅक्टर आहे, वागायला गरीब. त्यांना सोयरीक नको होती, फक्त माझं कार्ड हवं होतं. मूलच्या पलीकडेही उंदिरवाडेंचं कार्ड मागतात म्हणे, त्याशिवाय कोणी पोरगी दाखवत नाही. ऐकून बरं वाटलं. रिपोर्ट एए. त्यावर वय बावीस छापलेलं, पोरगा तर अठ्ठावीस-तिशीचा. लॅबवाले टायपिंग असंच करतात. मी स्वतः कार्डावर बावीस खोडून अठ्ठावीस करून दिलं. शिक्का मारताना पोराचा चेहरा उतरला होता. मोठ्या माणसापुढे होतं असं.

१२ फेब्रुवारी

लटारूनं काल रंजीताचं लग्न उरकलं. आम्हाला पत्रिका नाही. पोरगा मूलकडचा आहे एवढंच इंदूला कळलं. लपूनछपून केलं म्हणजे एएस असल्याचं दडवलंच असणार. त्या बिचाऱ्या पोराची कीव आली.

करिष्मा मात्र गेली होती लग्नाला. खूश दिसली. म्हणाली, रंजीतानं पक्की चौकशी करून, कार्ड पाहून केलं.

५ मार्च

माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटतं. फॉर्म चाळता चाळता प्रणितचा दिसला आणि डोक्यात वीज चमकली. आपली करिष्मा. सिकलसेल बारा, रक्तगट वेगळे म्हणून आठ, दात दोघांचे उत्तम. छत्तीसपैकी चौतीस. चष्म्यामुळे दोन गेले. हा विक्रम आहे.

करिष्माला सांगितलं तर ती लाजली, जे ती कधी करत नाही. प्रणितला फोन केला तर लगेच हो म्हणाला. आश्चर्य म्हणजे दोघांना एकमेकांचे फोन नंबर पाठ होते. सिंदेवाहीच्या शिबिरात कधीतरी भेटले असतील. इंदू म्हणाली, दोन वर्सांपासून शिबिरंच चालू आहेत त्याहिचे. मला काही समजलं नाही.

१७ मार्च, रविवार

आज जे झालं तेही खरं लिहितो.

रुखमाबाई प्रणितला घेऊन आल्या. पोहे झाले, चहा झाला. बाई खूश, करिष्माच्या डोक्यावरून हात फिरवला. मी चौतीस गुणांचं पत्रक वाचून दाखवलं. साक्षगंधाची तारीख काढायची तेवढ्यात करिष्मा म्हणाली, थांबा.

"मी एएस आहे, काकू. प्रणितले माहीत आहे. तो एए आहे, म्हनून आमच्या लेकराइले काही भेव नाई. पन तुमाले हे माह्या तोंडून समजाले पाह्यजे होतं."

मला वाटलं थट्टा आहे. मग वाटलं, छत कोसळेल तर बरं. रुखमाबाईंनी हळूच पिशवीतून माझं पत्रक काढलं. लॅमिनेट केलेलं, एक कोपराही दुमडलेला नाही.

"भाऊ, हे तुमचंच होय ना? म्या नाई लिवलं." आणि पहिला नियम बोट ठेवून वाचला. अडखळत वाचला, पण पूर्ण वाचला.

प्रणितनं आईला समजावून पाहिलं. म्हणाला, आमच्या केंद्रात दोन वाणांचा संकर करताना दोन्ही बाजू पाहतात, एकच नाही; एक बाजू साफ असली की रोग पिकात उतरत नाही. बाई म्हणाल्या, तू धानाचा साहेब असशीन, हे भाऊ रक्ताचे साहेब होत. आणि त्या गेल्या. प्रणित आईच्या मागे गेला, जाताना करिष्माकडे पाहत गेला. पोरगी आत जाऊन कपबशा धुवायला लागली. धुतलेल्याच परत धुतल्या.

१८ मार्च

करिष्मा म्हणते, तिला हे शिक्षण घेतानाच कळलं होतं, सहा वर्षं झाली. एएस आईकडून येतो किंवा बापाकडून. आई एए आहे. म्हणजे बाबा, तुमच्याकडून.

अशक्य. मी हे मान्य करत नाही. तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नळ्या बदलल्या असतील. लहानपणी तिला कावीळ झाली होती, त्याचाही परिणाम असू शकतो. शास्त्रात अपवाद असतात.

२० मार्च

आई एए. बाप एए. पोरगी एएस. गणित जुळत नाही. दोन दिवस तेच आकडे मांडतोय. गणित जुळवायला शास्त्रात एक तिसरी वाट असते, ती मनात आली. येऊ नये, पण आली. मी इंदूला विचारलं. अगदी सौम्य शब्दांत, शास्त्रीय भाषेत विचारलं.

इंदू भाकर टाकत होती. तवा उतरवून ठेवला, हात पुसले.

"बोट पुढे करा," म्हणाली. "मंग बोला."

बास, तेवढंच. नंतर बोललीच नाही.

२९ मार्च

नववा दिवस. ताट मिळतं, भाजीला मीठ असतं, माणूस बोलत नाही. मला सांगायचं काही असलं तर भिंतीला सांगते: अंघोळीचं पाणी ठेवलं आहे म्हणा. गल्लीत कळलं असावं. गिरजाबाई दारावरून जाताना थांबल्या आणि विचारलं, भाऊ, बीट पाठवू काय?

केंद्राकडे कोणी फिरकत नाही. करिष्मा ड्यूटीवर जाते, येते, जेवते. बारीक झाली आहे. रुखमाबाई प्रणितसाठी दुसऱ्या पोरी पाहून राह्यल्या, असं कानावर आलं. तो एकीलाही पाहायला जात नाही.

१ एप्रिल

बोट पुढे केलं. म्हणजे दंड. सिकलसेलची पक्की तपासणी दंडातल्या रक्तावर होते, बोटावर भागत नाही. करिष्मानं घरीच घेतलं. सुई दिसेपर्यंत मला आठवतं. पुढचं इंदूला माहीत. उठलो तेव्हा खाटेवर होतो आणि ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती, जरुरीपेक्षा जास्त.

चौतीस वर्षं मी लेकराबाळांना सांगत आलो, काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटते. सपशेल खोटं होतं ते.

४ एप्रिल

एएस.

करिष्मानं कागद माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली. रागावली नव्हती, त्याचंच जास्त लागलं. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. एएस असणाऱ्यांना हिवताप सहसा जोर करत नाही, त्यांच्या रक्तात तो नीट वाढतच नाही. म्हणूनच आपल्या जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकला. म्हणजे फाटक्या मच्छरदाणीत मला ज्यानं राखलं ती शिस्त नव्हती.

मी म्हणालो, मग तर एएसला गुण जास्त द्यायला हवेत, बारा अधिक दोन. पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुणपत्रक स्वतःच्या हातानं चुलीत घातलं. लॅमिनेशन जळत नाही, नुसतं आकसतं आणि घाण वास मारतं.

इंदूसमोर गेलो. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: स्वतःच्या रक्तावर शंका घेण्यापेक्षा मला तीस वर्षं सोबत राहिलेल्या बायकोवर घेणं सोपं गेलं. याची मला लाज वाटते. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, लाज मले सांगू नोका, जिथी माइक होता तिथी सांगा.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. विहारापुढे मांडव, दोन गावांची माणसं. मला दरवर्षी बोलायला देतात. उभा राहिलो आणि अग्नीच्या शोधापासून सुरुवात केली. वीस मिनिटांत जेमतेम वाफेच्या इंजिनापर्यंत पोचलो, तर बायकांच्या बाजूनं इंदू उठून उभी राहिली. नुसती उभी.

मग म्हणालो. मी एएस आहे. एकसष्ट वर्षांचा आहे, धडधाकट आहे, बायको एए आहे, लेक धडधाकट आहे. एएसनं घर बसत नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. दोन्हीकडे एएस असेल तरच जपायचं. एएसवर हिवताप जोर करत नाही, हेही सांगितलं. माइक मध्येच कुईं करत होता, म्हणून हे सगळं दोनदा सांगावं लागलं. एकदा सांगण्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

जेवणाच्या पंगतीत रुखमाबाई समोर आल्या. म्हणाल्या, "लिवलेलं पुसता येत नाई भाऊ, तुमी त्यावर प्लास्टिक चढवलं. पन पोरीनं खरं सांगतलं तवाच ते मले पटली होती. मी तुमच्या कागदाले भेली." मग पाटवडीचा रस्सा माझ्या पानात स्वतः वाढला. मी मान वर केली नाही, डोळ्यांत पाणी होतं. रस्सा तिखट होता असं शेजारच्याला सांगितलं.

१६ एप्रिल

काल दोघं जण विचारायला आले, हिवताप होऊ नये म्हणून एएस करून घ्यायचं आहे, कुठी भेटते? त्यांना समजावता समजावता दुपार झाली. गिरजाबाईंवर जसा ओरडलो होतो तसा या वेळी ओरडलो नाही, हळू बोललो.

आज साक्षगंधाची तारीख काढायला प्रणित आला होता. करिष्मानं अट घातली. लाल फायलीत अकरा नावं आहेत. अकराही घरी तुम्ही स्वतः जाऊन, मांडवात बोलले तेच बोलाचं, बाबा. तवाच साक्षगंध. प्रणित हसला, म्हणाला, काकाजी, मले घाई आहे, लवकर फिरा.

३० एप्रिल

दहा घरं झाली. तीन ठिकाणी चहा मिळाला, दोन ठिकाणी शिव्या. एका घरचा कुत्रा अंगावर आला, तो मुद्दाम सोडला की सुटला ते कळलं नाही. गिरजाबाईंच्या नातीनं बीट खाणं अजून थांबवलं नव्हतं. तिला सांगितलं, बाई, थांब आता. एका मुलीचं काही ऐकायचंच नव्हतं, ती दार लावून आत बसली. बंद दाराला सांगून आलो.

अकरावं घर लटारूचं. मुद्दाम शेवटी ठेवलं. लटारूनं आधी खाट पुढे केली. मग म्हणाला, झालं गेलं, पोरगी सुखात आहे. पोटुशी आहे, तिसरा महिना लागला. "पोरगा एए पाहूनच देल्ली, इसरू. तुह्याच शिक्क्याचं कार्ड होतं." नाव विचारलं. अश्विन. ट्रॅक्टरवाला.

मला इतका आनंद झाला की लटारूला मिठी मारली. म्हणजे केंद्रानं एक काम तरी धड केलं. रंजीता एएस, अश्विन एए, लेकराला काही धोका नाही. माझ्याच हातून घडलं. रविवारी करिष्माला घेऊन मूलला जायचं, रंजीतासमोर चूक कबूल करायची आणि दोघांना आशीर्वाद देऊन यायचं. मग साक्षगंध.

५ मे, रविवार

जाताना पेढे घेतले.

रंजीता अंगणात होती. चेहरा भरलेला. मला पाहून आत या म्हणाली. मी मांडवातलं सगळं तिला सांगितलं, आता पाठ झालं आहे. ती ऐकत होती. अश्विन भिंतीला टेकून खाली पाहत होता. भिंतीवर माझं कार्ड खिळ्याला लावलं होतं.

करिष्मानं सहज म्हटलं, तिसरा महिना आहे तर अश्विनभाऊंचाही नमुना एकदा घेऊन टाकते, रेकॉर्डले बरं असते. अश्विनची आई म्हणाली, कार्ड आहे ना, कायले पाह्यजे? फार लवकर म्हणाली. करिष्मानं कार्ड काढून घेतलं, माझ्या हातची वयाची दुरुस्ती पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

अश्विन मान वर न करता बोलला. "ते रक्त माह्या लहान भावाचं होय. माहं सरकारी कार्ड एएस आहे. तुमी म्हटलं होतं, एएसले झिरो, कोनी पोरगी देऊ नये. मी काय करतो? आमाले नाई माहीत होतं का हेही एएस आहे. त्याहिनंही नाई सांगतलं."

लटारूनं सांगितलं नव्हतं, कारण लाल फाईल. यांनी सांगितलं नव्हतं, कारण लाल फाईल. दोघांनीही माझ्या भीतीनं लपवलं आणि ते एकमेकांपासून लपलं. जी एकच जोडी होऊ द्यायची नाही म्हणून सरकारनं सांगितलं होतं, ती मी शिक्का मारून लावून दिली. आदेश एए होता. त्याच्याशी लग्न झालं असतं तर आज हे घर हसत असतं.

चारात एक. हे मी माइकवरून पन्नासदा तरी सांगितलं असेल. तिथे ते करिष्मानं सांगितलं. नागपूरला गर्भाची तपासणी होते, लवकर जावं लागेल, वेळ अजून आहे, आणि चारातले तीन चांगलेच असतात, असंही ती म्हणाली. अश्विनची आई रडायला लागली. रंजीता रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं,

"भाऊ, याले किती गुण देता?"

करिष्मानं नागपूरला फोन लावला, मंगळवारची वेळ मिळाली. सकाळी सातच्या बसनं त्यांना घेऊन मी जातो आहे.